आठ इंच पाणी

"तुझ्या हातचं पाणी नळीत चालेल. माठात हात नको घालूस."

एवढंच बोलला साहेब. मराठीत. हसत हसत. आजूबाजूच्या बंगाली लोकांना वाटलं असेल, गावाकडची ख्यालीखुशाली विचारतोय. माझ्या हातात पेला होता, कंट्रोल रूममधल्या माठात नुकताच बुडवलेला.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. कलकत्त्याजवळ, बजबजकडचा कारखाना. भट्ट्यांना जाणारा गॅस मोजायचं माझं काम. पाइपात भोकाची चकती बसवलेली, तिला ऑरिफिस म्हणायचे. चकतीच्या अलीकडे-पलीकडे दाबात जो फरक पडतो, तो यू आकाराच्या काचनळीत पाणी भरून बघायचा. फरक जास्त तर गॅस जास्त. म्हणून आमच्याकडे दाबसुद्धा पाण्यातच बोलायचे. आठ इंच पाणी. दहा इंच पाणी. दिवसभर बंगालीत हाका, "जोल कोतो?" म्हणजे पाणी किती? उन्हाळ्यात नळीतलं पाणी उडायचं, मग भर घालावी लागायची. त्या दिवशी तेच करत होतो.

साहेब पुण्याचा, राहायला बालीगंजला. मी रुजू झालो तेव्हा माझं मराठी ऐकून केवढा खूश झाला! मीही झालो. परमुलखात आपलं माणूस. मग त्यानं आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाला, गावात घर कोणत्या बाजूला? तिथंच सगळं संपलं. कलकत्त्यात माझं आडनाव कुणाला कळत नव्हतं. म्हणून तर इतक्या लांब आलो होतो. कळलं ते माझ्याच भाषेच्या माणसाला.

बरोबरच्या फिटरनं, निताईदानं विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही.

ते 'काही नाही' मला अजून छळतं. माठातलं पाणी प्यायचं मी सोडलं. पाइपातून गॅस सूं करत जायचा, त्यातही मला साहेबाचंच वाक्य ऐकू यायचं. घरी लेकीशी मराठी बंद केलं. हिंदी बोल, बंगाली बोल. भाषाच नसली तर हिला कोण ओळखणार? बायको म्हणायची, पोरीला मुकी करताय का?

मग एका दुपारी साहेब चारचौघांना घेऊन मीटरपाशी आला. मला मराठीत म्हणाला, "पाणी किती?"

नळीत आठ इंच होतं. पण त्याच्या तोंडून 'पाणी' ऐकलं. आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांकडे तोंड करून हिंदीत सांगितलं, "साहब ने मराठी में कहा था, मेरे हाथ का पानी नली में चलेगा, मटके में नहीं. आज हिंदी में कहें."

साहेबाचा चेहरा उतरला. थट्टा केली होती, असं काहीसं इंग्रजीत पुटपुटला. निताईदा जमिनीकडे बघत राहिला. मी माठापाशी गेलो, पेला बुडवला, घटाघटा प्यालो. कुणी अडवलं नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी माठ साहेबाच्या केबिनमध्ये गेला.

ते वाक्य अजून कानात घुमतं. या वयातही.

पण माठातलं पाणी प्यालो त्याच संध्याकाळी लेकीला समोर बसवलं होतं. मराठीत आडनाव म्हणायला लावलं. मग गाव. मग गावातली आपली बाजू. तिची जीभ अडखळत होती. पुन्हा म्हण, म्हटलं. पुन्हा.

तिला सांगितलं, कुणी विचारायची वाट बघायची नाही. आपणच आधी सांगायचं. आणि मग पेला माठात बुडवायचा.