कन्हानपर्यंतची परवानगी

भारताचे सगळे कायदे मनापासून पाळणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो भारताचा नागरिक नाही. आमच्या समोरच्या घरातले काका अठरा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन पाकिस्तानातल्या सिंधमधून नागपूरला आले ते दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, आणि अजून त्याच व्हिसावर आहेत. दर मुदतीला तो वाढवून घ्यायचा आणि नागरिकत्वाच्या अर्जाची वाट बघायची, हा त्यांचा खरा धंदा. मसाल्याचं दुकान हा जोडधंदा. त्या अर्जाला कुठे डाग लागू नये म्हणून काका पिवळा दिवा दिसला की सायकलवरून उतरतात, रस्त्यावर थुंकत नाहीत, आणि कचऱ्याची गाडी आली की ओला-सुका वेगळा करून स्वतः दारात उभे राहतात. आमच्या गल्लीत बरीच वर्षं लोक त्यांना जरा डोक्यानं कमी समजत होते.

काकांची फाइल हा त्यांचा एक अवयवच आहे. भाजीला जाताना, केस कापायला जाताना, गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवतानासुद्धा ती काखेत असते. एकदा मेट्रोत तिकीट दाखवा म्हटल्यावर त्यांनी आधी राहण्याचा परवाना दाखवला, मग दोघांचे पासपोर्ट, मग घरभाड्याचा करार, आणि सगळ्यात शेवटी तिकीट. मी एका शाळेत हेडक्लार्क होतो, त्यामुळे त्यांचे सगळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यातला एक तर मी जन्मात विसरणार नाही. काकांचं टक्कल वाढत चाललं होतं आणि व्हिसावरच्या फोटोत मात्र भरपूर केस होते. त्यांनी मला अर्ज लिहायला लावला की सदर इसमाचे केस नैसर्गिक कारणाने गेलेले असून त्यामागे ओळख लपवण्याचा हेतू नाही. मी हसू दाबत तो लिहिला. त्यांनी तीन प्रती काढल्या आणि खरंच विदेशी नागरिक नोंदणीच्या ऑफिसात नेऊन दिल्या.

मी थट्टा केली की ते शांतपणे म्हणायचे, "आपण पाहुणे आहो भाऊ. पाहुण्यानं विचारल्याशिवाय फ्रीज उघडू नाही." त्यांची मराठी कळमन्याच्या बाजारात मिरची घेता घेता शिकलेली. भिवापूरची मिरची त्यांच्याइतकी पारखून विकणारा आमच्या भागात दुसरा नाही, पण भिवापूर त्यांनी पाहिलेलं नाही. व्हिसाच्या कागदावर फक्त नागपूर शहर लिहिलेलं, तेव्हा हद्द ओलांडायची तर परवानगी हवी. त्यांच्या एका साडूची फाइल म्हणे विनापरवाना लग्नाला गेल्यामुळे परत आली होती. माझ्या पुतण्याचं लग्न कामठीला होतं, तेव्हा काका-काकू आमच्याबरोबर गाडीत बसले, हद्दीजवळच्या चहाच्या टपरीवर उतरले आणि तिथूनच त्यांनी अक्षता टाकल्या. जेवणाचा डबा आम्ही परतताना त्यांना आणून दिला. आम्ही किती हसलो होतो.

काकू हसल्या नव्हत्या. त्यांचं माहेर सिंधू नदीच्या काठचं. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, दिवा लावलेलं ताट वाहत्या पाण्यात सोडायची त्यांची रीत, आणि इथे ते तलावात सोडावं लागे. उभ्या पाण्यात सोडलेलं देवापर्यंत पोचतं का, असं त्या माझ्या बायकोला विचारायच्या. जवळ एखादी स्वच्छ नदी नाही का, असं काकांनाही दरवर्षी विचारायच्या. काका म्हणायचे, कन्हान आहे, पण ती लय दूर आहे. नागरिकत्व मिळालं की जाऊ.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. दवाखान्यातल्या माणसानं आधार कार्ड मागितलं, तेव्हा काकांनी फाइल उघडली आणि तिच्यावर डोकं टेकून ते पहिल्यांदा रडले. मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. त्या कन्हानलाच सोडायच्या, हे काकांनी ठरवलं होतं, पण परवानगीशिवाय नाही. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून मडकं स्मशानघाटावरच्या कडुनिंबाला टांगलं. गल्लीतल्या सगळ्यांनी समजावलं की स्मशानातून निघालेल्या माणसाला कोणी अडवत नाही, चला गुपचूप. काका म्हणाले, "अठरा वर्षं तिले नियमानं ठेवलं. आता चोरून नेऊ काय?"

मी अर्ज लिहिला आणि त्या नोंदणी ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबानं तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, याची गरजच नाही, राज्याच्या आत फिरायला आता यांना परवानगी लागत नाही, नियम बदलून बरीच वर्षं झाली. कोणत्या वर्षी, ते मी विचारलं. पुतण्याचं लग्न त्यानंतरचं होतं. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. काका भीतीनं विचारत नव्हते, हे समजू शकतो. पण मी तर अर्ज लिहिणारा, तीस वर्षं कागदांत गेलेला माणूस. एवढा एक प्रश्न मी कधी कोणाला विचारला नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळानं मी उठून साहेबाला सगळं सांगितलं, मडक्यासकट. हे त्या माणसाला आता कळू नये, एवढंच मागितलं. साहेबानं अर्ज ओढून घेतला, कोपऱ्यात 'हरकत नाही' असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

काकांनी तो कागद दोनदा वाचला, कपाळाला लावला आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत बसले. मांडीवर मडकं. कामठी मागे पडली, पूल दिसू लागला. मी गाडी कडेला घेतली तेव्हा त्यांनी खाली वाहणारं पाणी पाहिलं, मग हातातलं घड्याळ पाहिलं.

"इतकं जवळ होतं काय जी?"

मी म्हणालो, रस्ता आता नवीन झाला काका, आधी फार वेळ लागायचा.

"तेच म्हणलं," ते म्हणाले. "मी तिले लय दूर आहे असंच सांगत होतो. खोटं तर नाही न बोललो?"

नाही म्हणालो. ते मडकं छातीशी धरून हळूहळू पाण्याकडे उतरले. मी गाडीपाशीच थांबलो, कारण मला त्यांच्या पाठीकडेसुद्धा बघवत नव्हतं.