दादाच्या गाडीतला काटा

वहिनी फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "भावजी, ती गाडी आता येकदा बघा तरी." तीन वर्षं ती गाडी पाटणजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. दादा गेला त्या दिवशी तिला टोचन लावून घाटातून खाली आणली आणि नंतर कोणी तिच्याकडे फिरकलं नाही. मी तर नाहीच. मी सांगलीजवळ माधवनगरला राहतो. तिथून पाटण काही परदेशात नाही, पण दर वेळी मला नेमकं काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर मी त्या गाडीला भीत होतो.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. दादा सैन्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता आणि हवालदार म्हणून निवृत्त झाला. घरी आल्यावर त्यानं एक जुनी कार्बुरेटरची पेट्रोल गाडी घेतली आणि वहिनीच्या शब्दांत 'सवत आणून दारात बांधली'. मी साखर कारखान्यात उपकरणं सांभाळायला होतो. बॉयलरच्या चिमणीतल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे मोजणारं यंत्र माझ्या ताब्यात असे, कारण त्यावरून जाळ नीट जळतोय की नाही ते कळतं. दादानं एकदा ते कारखान्यात येऊन पाहिलं आणि माझ्यामागे लागला. "तुझ्या चिमणीला जे कळतंय ते माझ्या गाडीला का कळू नये रं?"

मग मी त्याला एक डबी करून दिली. गाडीच्या धुराच्या नळीत बसणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर एका भंगारवाल्याकडून मिळवला. साधा सेन्सर पेट्रोल जास्त की कमी एवढंच बोलतो, हा किती जास्त नि किती कमी तेही सांगतो. त्याचं सर्किट मी घरीच जोडलं आणि डॅशबोर्डवर काट्याचं एक मीटर बसवलं. त्यावर दोन पट्ट्या काढल्या, एक हवेतल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांची आणि एक पेट्रोल-हवेच्या प्रमाणाची. दादा येईल त्याला तो काटा दाखवायचा. धाकट्यानं केलंय, म्हणायचा. मला बरं वाटायचं, हे लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात दादा कोयनानगरला एका जुन्या फौजी मित्राला भेटायला एकटाच निघाला. घाट चढताना गाडी तापली आणि वळणावर बंद पडली. मागून येणाऱ्यांना अडचण नको म्हणून त्यानं ती एकट्यानं ढकलत कडेला घेतली. लोकांना तो सापडला तेव्हा मागच्या चाकाला पाठ टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळे म्हणाले, वेळ आली होती. मी एकटाच मनात विचारत राहिलो की गाडी का बंद पडली. आणि ते कोणाला मोठ्यानं विचारायची हिंमत मला झाली नाही.

मी पोचलो तेव्हा वहिनीनं चहाही दिला नाही, सरळ शेडमध्ये नेलं. ताडपत्रीला हात न लावता म्हणाली, "त्या दिवशी गाडीत पेट्रोल मी वतलं व्हतं. ते अंघोळीला गेलं व्हतं, म्हनलं आपण भरून ठिवावं. शेडमधला कॅन. त्यात आदी राकेल असायचं. मी धुतला व्हता, भावजी. पर कितपत धुतला, आता आठवत न्हाई मला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझ्यामुळं बंद पडली का, तेवढं बघून सांगा."

मी एकटाच तीन वर्षं विचारत होतो असं मला वाटत होतं. माणूस स्वतःच्या दुःखाबद्दलही किती गर्विष्ठ असतो.

ताडपत्री काढली. दार उघडल्यावर तंबाखूचा वास आला. तीन वर्षांनी येऊ नये, पण आला. सीटवर बसलो तर ती दादाच्या अंगाइतकीच दबलेली. आरसा त्याच्या उंचीला लावलेला, त्यामुळे मला त्यात रस्त्याऐवजी मागची रिकामी सीट दिसत होती. तो हलवून नीट करावा एवढं साधं काम मला जमलं नाही. दोन दिवस मी त्या गाडीत बसून काम केलं आणि दोन्ही दिवस मान खाली घालून केलं, कारण वर पाहिलं की त्या सीटवर कोणीतरी गप्प बसून माझं काम तपासतंय असं वाटायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण भिणं आणि विश्वास ठेवणं वेगळं असतं, हे तिथं कळलं.

पहिल्यांदा इंजिनाचे प्लग काढले. पेट्रोलात राकेल गेलं असतं तर ते काजळीनं काळे झाले असते. चारही प्लग खडूसारखे पांढरे निघाले. म्हणजे इंजिन नुसतं तापून गेलं होतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली की असं होतं.

मी धावत आत गेलो. "वैनी, पेट्रोलचा दोष वाटत नाही."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "वाटत न्हाई म्हंजे काय? मग कशानं बंद पडली? तुमी आन् तुमच्या बहिणी मला तीन वर्सं नुसतं समजवताय. मला समजवू नका. काय झालं ते सांगा, तर मी मानंन."

बरोबरच होतं तिचं. कारण सापडल्याशिवाय तिची सुटका नव्हती. आणि ते कारण कुठे सापडेल याचा अंदाज मला प्लग हातात असतानाच आला होता.

गाडीच्या कप्प्यात दादाची वही होती. कार्बुरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, त्यानं कधी बदलली, ते फौजी शिस्तीत लिहिलेलं. घाटात काटा दाखवतोय की पेट्रोल जास्त जातंय, म्हणून त्यानं आधी एक लहान जेट घातला, मग त्याहून लहान. शेवटची नोंद अशी होती: 'घाटात काटा साडेबारावर. झकास. धाकट्याच्या यंत्राला तोड नाही.'

साडेबारा म्हणजे एक भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा. चढणीला तेवढं हवंच. काटा म्हणत होता पेट्रोल भरपूर आहे आणि प्लग म्हणत होते पेट्रोल नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि प्लगला खोटं बोलता येत नाही.

तरी मी दोन दिवस ते खोटं दुसऱ्या कशात तरी शोधत राहिलो. माझ्या गाडीची बॅटरी काढून तिथे जोडली. अर्थिंगची वायर गंजली असेल म्हणून घासली, ती चांगली होती. सेन्सरचा हीटर तापत नसेल म्हणून मोजला, तो चोख तापत होता. एखादा टाका सुटला असेल, एखाद्या उंदरानं वायर कुरतडली असेल. उंदरावर तर माझी फार भिस्त होती. प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली की मला वाईट वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपलंच काम बिघडलेलं निघावं, पण आपल्यामुळे बिघडलेलं निघू नये, असा नवस करत होतो.

मध्येच एकदा काटा आपोआप थरथरला. किल्ली बंद होती. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. दारातून वहिनी म्हणाली, "काय न्हाई, भूकंप हाय बारका," आणि पडलेलं भांडं उचलून आत गेली. मी मात्र त्या काट्याकडे बघत राहिलो.

शेवटी सेन्सर धुराच्या नळीतून काढला आणि तापवून अंगणात मोकळ्या हवेत टांगला. ही सगळ्यात सोपी परीक्षा, जी मी सगळ्यात आधी करायला हवी होती आणि मुद्दाम शेवटी ठेवली होती. मोकळ्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, पाटणला काय नि सांगलीला काय. काटा चढला, एकवीस ओलांडून गेला आणि सत्तावीसवर थांबला.

सेन्सर जुना झाला की कमी दाखवतो, जास्त नाही. म्हणजे तो पहिल्या दिवसापासूनच दोन्ही बाजूंना फुगवून सांगत होता, जास्त हवाही आणि जास्त पेट्रोलही. पेट्रोल थोडं जास्त असलं की फार जास्त म्हणायचा. दादा ते कमी करत गेला. सर्किटमधला जो स्क्रू फिरवून काटा हवेच्या एकवीसवर आणतात, तो मी लाल नेलपॉलिशचा थेंब टाकून बंद केला होता. थेंब जसाच्या तसा होता. म्हणजे माझ्यानंतर कोणी हात लावला नव्हता.

आणि मग आठवलं. विसरलो होतो असं नाही, आठवायचं टाळलं होतं.

ती खंडेनवमी होती. मला डबी आदल्या दिवशीच जोडून, तपासून निघायचं होतं, पण दादा अडून बसला. "नवं हत्यार पूजेबिगर चालू करायचं न्हाई." सकाळी पाने, हातोडे, विळे, कोयते, सगळं गाडीपुढे मांडलं. सेन्सर बॉनेटला टांगला, त्यालाही हळद-कुंकू लागलं. सांगलीची एस.टी. गाठायची म्हणून मी घाई करत होतो. नारळ फुटला, दादा म्हणाला, "हं, कर चालू." मी चालू केला, तापू दिला आणि आरती चालू असतानाच स्क्रू फिरवून काटा एकवीसवर आणला. वहिनी धुपाटणं घेऊन उभी होती. कापूर घातलेला दाट धूप थेट त्या लाल तापलेल्या सेन्सरखाली फिरत होता.

कारखान्यात बॉयलरचं यंत्र स्वच्छ हवेवर लावताना जवळपास कोणी विडी ओढली तरी मी अंगावर धावून जायचो. तोच मी. घरचं, आपल्या माणसाचं यंत्र, त्याला कशाला एवढे सोपस्कार, असं वाटलं असावं. दादापुढे, देवापुढे आणि एस.टी.पुढे मी माझी अक्कल बाजूला ठेवली.

तरी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बचत गटाच्या बैठकीला गेल्यावर देवघरातलं धुपाटणं आणलं, निखारे घातले, धूप नि कापूर टाकला आणि सेन्सरखाली धरलं. काटा सत्तावीसवरून उतरत उतरत एकवीसवर आला आणि तिथे हलत राहिला. धुपातलं जे काही होतं ते त्या तापलेल्या तोंडावर जळत होतं आणि आजूबाजूचा ऑक्सिजन खात होतं. अशा कमी ऑक्सिजनच्या हवेला मी शुद्ध हवा मानून एकवीस म्हणायला लावलं होतं, म्हणून पुढे सगळंच फुगलं. हात भाजेपर्यंत मी ते धरून उभा होतो.

वहिनी लवकर परतली. अंगणात धूर बघून थबकली. "आवं, ह्या टायमाला धूप?"

"दादाची आठवण आली," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

तिनं चपला काढल्या आणि गाडीच्या दिशेनं हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. सांगायचं काय, हे रात्रभर ठरवलं असं म्हणणार नाही. ठरलेलंच होतं, धीर गोळा करत होतो.

सकाळी मी तिला पायरीवर बसवलं. म्हटलं, "वैनी, ती डबी मी चुकीची लावली होती. पहिल्याच दिवशी. एस.टी. गाठायची घाई होती, नीट तपासलं नाही. ती दादाला सांगत राहिली की पेट्रोल जास्त होतंय. तो कमी करत गेला. घाटात इंजिन तापून बसलं ते त्यामुळं."

"म्हंजे माझा कॅन न्हाई?"

"नाही."

"पक्कं?"

"प्लग दाखवतो. राकेल असतं तर काळे निघाले असते." मी चारही प्लग तिच्या हातात दिले. तिनं ते एकेक करून पदरानं पुसले, उलटसुलट करून पाहिले.

"कवा कळलं तुमास्नी?"

"परवा. काल खात्री झाली."

"मग काल का न्हाई बोलला?"

"भ्यालो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या देईल, उठून जा म्हणेल, असं वाटलं. मी तयार होतो. खरं म्हणजे मला ते हवं होतं. पण ती नुसती रडली, आवाज न करता, प्लग मांडीवर तसेच. मग म्हणाली, "जरा पडते," आणि आत गेली. तेव्हा दहाही वाजले नव्हते.

दुपार झाली तरी ती उठली नाही. दोनदा दारातून डोकावून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. शेजारची बाई ताक घेऊन आली, तिला हळू आवाजात म्हटलं, "निजल्यात." ती चकित झाली. "निजल्या? दिवसाच्या?" मी मान हलवली. ऊन अंगणभर फिरून पलीकडे गेलं आणि मी पायरीवरच बसून होतो. धुपाचं मी तिला सांगितलं नव्हतं. धुपाटणं तिच्याच हातात होतं, पण त्या धुपानं काटा चुकवला हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. वहिनीनं कधी विचारलंच, तर त्या दिवशी धूप सेन्सरपासून लांब होता असं मी तोंडावर सांगेन.

ती बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. केस विस्कटलेले, गालावर गोधडीचे वळ. "आवं, किती वाजलं? उठवायचं तरी मला!"

"झोप लागली होती तुम्हाला."

"तीन वर्सांत पयल्यांदा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तिनं मला हाक मारली, मग पुन्हा मारली. मला पायरीवरून उठता येत नव्हतं.