काळ्या परक्याचा नातू

मुलीकडे आयर्लंडला गेले होते तेव्हाची गोष्ट. शेजारचे डॉईल आजोबा फाटकावरच्या पाटीवर आपलं आडनाव नव्याने रंगवत होते. वय ऐंशीच्या पुढचं, पण हात अगदी स्थिर. मी सहज नावाचा अर्थ विचारला.

"काळ्या परक्याचा नातू," ते हसून म्हणाले. "हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून जहाजं घेऊन लुटारू आले. इथले लोक त्यांना काळे परके म्हणायचे. त्यांतला कुणी इथेच राहिला. त्याचे आम्ही वंशज."

"असलं नाव बदलावंसं नाही वाटलं कुणाला?"

"कशाला बदलायचं? तो आला म्हणून तर आम्ही आहोत!"

गावाने ठेवलेलं नाव या घराण्याने लपवलं नाही, की पुसलं नाही. इतक्या पिढ्या ते ताठ मानेने मिरवलं. आणि मी मात्र तिथल्या रस्त्यात मराठी बोलताना आवाज खाली आणत होते.

त्या दुपारी नातवाला शाळेतून आणताना मी त्याला भर चौकात मोठ्याने विचारलं, "काय रे सोन्या, डबा संपवलास का?"

"संपवला, आजी!" तोही तेवढ्याच मोठ्याने ओरडला.