कणसाची एकच प्रत

अकलूजच्या शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते, आणि माझ्याच माहेरचा कॉम्प्युटर चार महिने अखेरचे आचके देत होता हे मला माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मे महिन्यात सोलापूरला आले की अम्मा आधी पाणी देते आणि मग काय काय बिघडलंय ते सांगायला बसते. यंदा पंखा आणि मिक्सर मागे पडून कॉम्प्युटर पहिला आला. चालू करून आंघोळीला जावं, पूजा उरकून यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं, असं ती म्हणाली. नान्ना, म्हणजे आमचे वडील, मध्येच म्हणाले की तसं काही नाही, मागाच्या सुट्टीच्या दिवशी तो चांगला चालतो. मी हसले. त्यालाही आठवड्याची हक्काची सुट्टी लागत असेल, म्हटलं. नान्नांना ते आवडलं नाही.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, भांडायला मात्र मराठीच बरी पडते. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत आणि भिंतीपलीकडे कॉम्प्युटर. मागांवर चादरी निघतात, आणि त्या चादरींवरची डिझाईन नान्ना काढतात. पूर्वी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचे, आता माऊसने भरतात. आमच्या धंद्यात डिझाईनची दुसरी प्रत ठेवत नाहीत. मागाला नक्षी सांगणारी पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून पंच झाली की कागद फाडून चुलीत जायचा, म्हणजे शेजारचा चोरणार नाही. आणि मुलींना हे काम शिकवत नाहीत, कारण मुलगी लग्न होऊन जाते आणि तिच्याबरोबर डिझाईन दुसऱ्याच्या घरी जाते. लहानपणी मी मागे येऊन उभी राहिले की नान्ना कागद पालथा घालायचे. त्याचा राग मला अजून आहे. का लपवू?

तर मी बाह्या सरसावल्या. कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत उशी भरता येईल एवढा कापूस! मागावरच्या सुताची तूस उडून उडून पंख्यात बसली होती. हाच तो चोर, असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, रॅम काढून खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. अम्माने कौतुकाने ताक आणून दिलं. बटण दाबलं आणि ताक संपलं, तरी चक्र फिरतंच.

मग शहरातल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, फॉरमॅट मारून टाका, नव्यासारखा पळेल. मलाही ते पटलं, आणि खरं सांगते, मी तयारीलाही लागले. फॉरमॅट म्हणजे काय, असं नान्नांनी विचारलं. सगळं पुसून कोरी पाटी करायची, मी सांगितलं. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. त्या वाचते न वाचते तोच माझ्या खांद्यावरून नान्नांचा हात आला आणि त्यांनी एफ वन दाबलं. ओळी गायब.

"ते रोजचंच हाय," ते म्हणाले. "दाबलं की चालू होतंय."

कधीपासून, मी विचारलं. संक्रांतीपासून, ते म्हणाले.

मी बंद करून पुन्हा चालू केलं आणि त्यांचा हात धरून ठेवला. हार्डडिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, तातडीने प्रत काढून घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. संक्रांतीपासून रोज सकाळी ती बिचारी मशीन जीव तोडून सांगत होती, आणि हे रोज सकाळी तिचं तोंड दाबत होते! मी भडकले. मराठीतच भडकले. नान्नांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली बघत म्हणाले, "माझं कणीस त्यात हाय."

मग सगळं बाहेर आलं. मंगळवेढ्याला एका लग्नाला जाताना एसटीच्या खिडकीतून त्यांना हुरड्यात आलेली ज्वारी दिसली होती. घरी येऊन त्यांनी कणीस काढायला घेतलं, मध्ये एक भरगच्च कणीस आणि काठाला पानं. हात थरथरतो आता त्यांचा. एक चौकोन भरताना तीन चुकायचे, ते पुसून पुन्हा भरायचे. असे चार महिने. कार्डं अजून पंच व्हायची होती. कागद नाही, कापड नाही. साऱ्या जगात ते कणीस फक्त त्या मरत्या डिस्कवर होतं. आणि मी फॉरमॅट मारणार होते.

मी तिथल्या तिथे मशीन बंद केली. भर दुपारी रिक्षा करून बाजारात गेले, नवी डिस्क आणली, जुनी बाहेरून जोडायची केबल आणली. जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. आधी फक्त कणीस, बाकीचं मागाहून, असं ठरवलं. कॉपी सुरू झाली. हिरवी पट्टी बोटभर सरकली आणि थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी डिस्कला हात लावला तर ती गरम होती आणि थरथरत होती.

मग टेबलाला हात लावला. टेबलही थरथरत होतं. भिंतही, फरशीही. पलीकडे दोन्ही माग जोरात चालू होते. ज्या घरात जन्म गेला त्या घरची थरथर कुणाला कळते? आणि एकदम नान्नांचं वाक्य आठवलं. सुट्टीच्या दिवशी चांगला चालतो! चालणारच, दुखण्यातल्या माणसाला कुणी हलवत नसेल तर तो दोन शब्द नीट बोलेल. ते खरं सांगत होते आणि मी हसले होते.

"नान्ना, माग बंद करा," मी म्हटलं.

आता, चादर अर्धी असताना माग थांबवला की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी पट्टी उमटते. नान्नांनी अर्ध्या चादरीवर माग थांबवलेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या लग्नाचे वऱ्हाडी दारात आले तेव्हासुद्धा चादर पूर्ण करूनच ते उठले होते. आता मात्र ते उठले, पलीकडे गेले, मागावरच्या कामगाराला काहीतरी बोलले. एक माग थांबला. मग दुसरा.

अशी शांतता झाली की अम्मा पोळपाट टाकून धावत आली आणि कोण गेलं विचारू लागली. मी बोट ओठावर ठेवलं. त्या शांततेत आम्हाला पहिल्यांदा डिस्कचा आवाज ऐकू आला. टक. टक. टक. मागांच्या खडखडाटात, आणि सुट्टीच्या दिवशी कॅबिनेटच्या पंख्याच्या घरघरीत, हा आवाज चार महिने कुणाच्याच कानावर पडला नव्हता.

आणि पट्टी हलली! हलली, थांबली, पुन्हा हलली. अर्धी झाली. पाऊण झाली. मी देवाला, डिस्कला, सगळ्यांना विनवत होते. अम्मा काय चाललंय ते न कळताही हात जोडून उभी होती. शेवटच्या टोकाला पट्टी पुन्हा अडली, टकटक वाढली, नान्नांनी डोळे मिटले. आणि पूर्ण झाली. मी अक्षरशः नाचले, बेचाळिसाव्या वर्षी, माहेरी, कामगारासमोर.

फाईल उघडली. पडद्यावर कणीस आलं, दाणा न् दाणा. नान्नांनी चष्मा लावून खालच्या ओळीपासून एकेक चौकोन बोटाने तपासला आणि मान हलवली. बाकीच्या जुन्या डिझाईनपैकी तीन वाचल्याच नाहीत. जाऊ दे, त्या विणून झाल्यात, असं ते म्हणाले.

नवी डिस्क बसवली, त्यावर सगळं घेतलं. मग भीत भीत मी पेनड्राईव्ह काढला. एक प्रत कपाटात ठेवू या म्हटलं, आणि भांडणाच्या तयारीने बसले. नान्नांनी पेनड्राईव्ह हातात घेतला आणि कपाटाकडे पाहिलं.

"कपाट पण हलतंय की," ते म्हणाले. "तू अकलूजला घेऊन जा. तितं माग न्हायत."

मला गप्प बसवेना. म्हटलं, "आणि डिझाईन दुसऱ्याच्या घरी गेली तर?"

"जाऊ दे," ते म्हणाले. "बस हितं. दाण्याची गोलाई कशी आणली ते दावतो."

आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंदच होते.