ही लेन कॅनडात जाते

प्रल्हाद शेवाळेला गप्प कसं करायचं, हे मला नऊ वर्षांत जमलेलं नाही. आम्ही ॲन आर्बरला एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहतो. तो कराडचा, मी नागपूरची. दिवसभर तो गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो आणि उरलेल्या वेळात शेजारचं डेट्रॉइट सांगतो. सांगतो म्हणजे कसं, कान किटेपर्यंत.

कोणाचे आईवडील भारतातून आले रे आले, की हा त्यांना गाडीत घालून निघालाच. काका, या शहराच्या पोटात हजार फुटांवर मिठाची खाण आहे. काकू, चौकातला तीन रंगांचा सिग्नल पहिल्यांदा इथे लागला. शेवटी नदीकाठी उभं करून विचारणार, समोर दिसतोय तो कोणता देश? कॅनडा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग दिशा कोणती? सगळे म्हणतात उत्तर, आणि हा खूश. कारण डेट्रॉइटपाशी नदी अशी काही वळलीय, की कॅनडा चक्क दक्षिणेला येतो. माझी आत्या त्यावर म्हणाली होती, "दक्षिण म्हणजे यमाची दिशा रे बाबा. तिकडे कशाला जायचं?"

"म्हणूनच मी जात नाही, आत्या," प्रल्हाद म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला.

खरं कारण आम्हा मोठ्यांना माहीत होतं. मुलगी स्वानंदी दीड वर्षाची असताना तो भारतात गेला आणि व्हिसाचा शिक्का मिळेना म्हणून चार महिने तिकडेच अडकला. इकडे त्याची बायको शरयू एकटी, कडेवर पोर, आणि नोकरी आज जाते की उद्या अशी अवस्था. त्यानंतर या माणसाने देशाबाहेर पाऊल टाकलं नाही. ग्रीन कार्डची रांग हलायचं नाव घेत नाही. यंदा तर व्हिसाचं एक्स्टेन्शनसुद्धा अडकलं होतं. अशात चुकून बाहेर गेला असता, तर परत कधी येईल याचा भरवसा वकीलही देईना.

स्वानंदीचा जन्म इथला, तिचा पासपोर्ट अमेरिकन. तिच्या मैत्रिणी शनिवारी पलीकडे जेवायला जाऊन येतात. तिने विषय काढला की प्रल्हाद म्हणायचा, "इकडचंच अजून कुठे बघून झालंय?" आणि एक नवीन माहिती काढायचा. आपल्या बाबाला डेट्रॉइट सोडवत नाही, असं त्या अकरा वर्षांच्या पोरीला खरोखर वाटायचं.

त्या शनिवारी त्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून बापलेकीला मी नेलं. स्वानंदीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी टपालाच्या बोटीचे फोटो हवे होते. ही बोट नदीतून जाणाऱ्या जहाजांना दोरीच्या बादलीतून पत्रं पोचवते आणि तिला स्वतःचा झिपकोड आहे. हे मला तीनदा सांगून झालं होतं. परतताना रस्ता बंद, जिकडे तिकडे नारिंगी ड्रम, फोनवरचा नकाशा दर मिनिटाला मत बदलत होता. माझं डोकं ठणकत होतं. शेजारी याचं मीठ चालू होतंच. मधेच म्हणाला, "मीनाक्षी, ही लेन कॅनडात जाते."

"हो रे, माहितीये. दक्षिणेला आहे. झालं?"

"अगं, तसं नाही..."

"प्रल्हाद, दोन मिनिटं गप्प बस ना, यार. मला ड्राइव्ह करू दे."

आणि कधी नव्हे तो तो गप्प बसला. मला बरंसुद्धा वाटलं. मग दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आल्या, मागेपुढे ट्रक आले आणि अमेरिकेतली शेवटची एक्झिट मागे गेली अशी पाटी आली.

"बाबा, आर वी फायनली गोइंग?" मागून स्वानंदी. केवढी आनंदली होती ती.

प्रल्हादने पायाशी ठेवलेल्या बॅगेतून फोल्डर काढलं. पासपोर्ट, पत्रं, पावत्या. भाजी आणायला गेला तरी हा ते सोबत नेतो, आणि यावरून मी त्याची किती चेष्टा केलीय. "शरयूला फोन करू का आत्ताच?" त्याने मला विचारलं.

टोलवरच्या बाईने मला पुरतं बोलूही दिलं नाही. रोजचंच असावं. तिने गाडी परत फिरणाऱ्यांच्या लेनमध्ये वळवायला लावली. कॅनडाला जाणारा पूल चढलो नव्हतो, तरी परतणाऱ्यांची तपासणी होतीच. एक ऑफिसर आला, माझं ग्रीन कार्ड बघून परत दिलं, प्रल्हादचे कागद चाळले आणि त्याला आत घेऊन गेला.

चाळीस मिनिटं. काचेतून तो दिसत होता. हेडमास्तरांच्या खोलीत उभं केलेल्या पोरासारखे हात पुढे बांधून उभा.

"व्हॉट डिड ही डू?" स्वानंदीने विचारलं.

"काही नाही गं. चूक माझी आहे."

"देन व्हाय हिम?"

तिला सांगायचा हक्क माझा नव्हता, पण खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. ती काचेकडे बघत राहिली.

तो बाहेर आला, फोल्डर काखेत. पाट्या बघून चालवा, एवढंच म्हणाले म्हणे. मी म्हटलं, "प्रल्हाद, चुकलं रे माझं."

"अगं, पाट्याच तशा आहेत," तो म्हणाला.

मग पंधरा मैल एक शब्द नाही. नऊ वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ते मला सोसवेना. शेवटी मीच म्हटलं, "ते खाणीचं काय सांगत होतास?"

"नंतर."

स्वानंदी आमच्याशी कधी मराठीत बोलत नाही. त्या दिवशी अडखळत बोलली. "बाबा, तू कधी जाऊ शकशील?"

सिग्नलचं साल सांगणारा, खाणीची खोली सांगणारा, बोटीचा झिपकोड पाठ असलेला माणूस.

"माहीत नाही, बाळा," तो म्हणाला.