पश्चिमेची खिडकी

चाळीस वर्षं वर्ध्यात गवंडीकाम केलं. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका निघतील. त्या सोडून द्या.

दिवाळीच्या आधी बायको गेली आणि मुलानं मला पुण्याला आणलं. तो आणि सून दोघंही हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायची, भाड्याच्या घरात राहायची. सकाळी दोघं गेली की मी बंद फ्लॅटमध्ये भिंतीकडे बघत बसायचो. तिच्या घराला कुलूप लावून आलो, हे खुपत होतं. दोन महिन्यांत सांगून टाकलं, मला परत पाठवा, एकटा राहीन. मुलगा म्हणाला, आम्ही स्वतःचं घर घेतोय. तुम्हाला पटेल तेच घेऊ, नाहीच पटलं तर तुम्हाला वर्ध्याला सोडून येतो. खरं सांगायचं तर मला काहीच पटवून घ्यायचं नव्हतं.

मग दर रविवारी घरं बघणं सुरू झालं. तेव्हा पुण्यात काल ज्वारी होती तिथे आज इमारत उभी राहत होती, आणि प्रत्येक जाहिरातीत घर पर्यावरणपूरक. विश्रांतवाडीत टाय लावलेला एक पोरगा म्हणाला, काका, आपल्याकडे पावसाचं सगळं पाणी जमिनीत मुरतं. मी इमारतीच्या मागं जाऊन पाइप बघितला. सरळ गटारात सोडलेला. पाणी मुरवायचा खड्डा फक्त त्याच्या रंगीत कागदावर होता. तसं तोंडावर सांगितलं, तर मुलगाच शरमला.

कोथरूड सुनेला आवडत होतं. शाळा, बस, बाजार, सगळं हाताशी. तिथल्या एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी विचारलं, घरात वारा येतो का?

"गच्चीवर येतो," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते आणि दुपारी मी झोपतो."

बायको गेल्यावर पहिल्यांदा मला हसू आलं. दाखवलं नाही.

धायरीची इमारत तीनच मजल्यांची. राखेच्या विटा, नऊ इंची भिंती, वर पाणी तापवायला सौरबंब. पाणी मुरवायच्या खड्ड्यात मी काठी घालून बघितली, खडी-वाळू नीट भरलेली. आवारातला आंबा तोडायचा नाही म्हणून कुंपणाची भिंत वळवून घेतलेली. इतकं काम मन लावून केलेलं मी पुण्यात दुसरीकडे बघितलं नव्हतं. चूक सापडेना, त्याचाच राग यायला लागला. शेवटी स्वयंपाकघरात सापडली. ओट्यासमोर भली मोठी खिडकी, आणि तीही पश्चिमेला.

मी तिथंच नाही म्हटलं. आमच्याकडे पश्चिमेला भोक ठेवलं तर मे महिन्यात घराची भट्टी होते. मी बांधलेल्या एकाही घराला तिकडून खिडकी दिली नाही. मुलानं रिक्षा बोलावली.

घरी आल्यावर सून चहा देताना म्हणाली, "बाबा, तुम्ही धायरीचं घर बघितलंत की वर्ध्याचं?"

ती इथलीच, सिंहगड रस्त्यावर वाढलेली. तिनं मे महिना येऊ दिला, अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ऐन उन्हात मला एकट्याला परत तिथं नेलं. घर अजून कोणी घेतलेलं नव्हतं. तिनं खिडकी उघडली आणि बाजूला उभी राहिली.

चार वाजत आले होते. ऊन होतं, पण वरच्या छज्ज्यानं अडवलेलं. ओट्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेलं. ओट्यावर तळहात ठेवला, चटका नाही. तेवढ्यात डोंगराच्या अंगानं वारा आला. त्याला झळ नव्हती. मी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि तसाच उभा राहिलो.

तिथं मला बायको आठवली. आमच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. ती म्हणायची, लोकांची घरं बांधता, मले एक खिडकी काहून नाही पाडून देत? मी म्हणायचो, झळा येतील. झळा दोन महिने. उरलेले दहा महिने ती धुरात भाकरी थापायची आणि मी बाहेर ओसरीवर बसून जेवायचो. एका दिवसाचं काम होतं. मी ते केलं नाही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेला सांगून टाकलं. वाटलं, आता ही समजूत घालेल, असू द्या म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. पदरानं, नव्हे ओढणीनं, ओट्यावरची धूळ पुसली.

"मग इथला स्वयंपाक तुम्ही करा," म्हणाली.

"मला वरणच येतं."

"माझ्यापेक्षा बरं आहे."

संध्याकाळी मुलाला सांगितलं, हेच घ्या. त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, तिसऱ्यांदा विचारलंस तर नाही म्हणेन.

आता इथं राहायला येऊन सहा वर्षं झाली. वरणाच्या जोडीला भात, वांग्याची भाजी, पिठलं येतं. भाकरी थापतो, पण अजून गोल होत नाही. बायकोवाचून करमतं असं खोटं सांगणार नाही. पण कंपनीची बस दोघांना संध्याकाळी साडेसातला जवळच्या पुलापाशी सोडते, आणि ती भुकेली येतात. तोवर भाजी झालेली हवी, म्हणून साडेपाचला खुर्चीतून उठावंच लागतं.