दम्याची पुडी

आईला दमा जडला तो जबलपूरजवळच्या रांझीत आल्यावर, असं बाबा सांगत. त्याआधी अमरावतीकडच्या माहेरी ती विहिरीवरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी आणायची. बाबा कारखान्यात लागले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यांची वाटणी झाली, आमचे सगळे नातेवाईक महाराष्ट्रात गेले आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिलो, घरात मराठी आणि दारात हिंदी बोलत. क्वार्टरमागे मोकळं मैदान होतं. पाऊस सरला की तिथे गाजरगवत कमरेएवढं वाढायचं, पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जायचं, आणि आईला शिंका सुरू व्हायच्या. शिंकांमागून खोकला, खोकल्यामागून धाप. दिवाळीचा फराळ ती खाटेवर बसून, उशीवर कोपर टेकवून, मला सांगत सांगत करून घ्यायची.

मी औषधशास्त्र शिकले ते आईसाठी, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मला रसायनं आवडायची आणि कॉलेजात जागा मिळाली. संशोधनाचा विषय मात्र मी आईकडे बघूनच घेतला. दम्यावर आपल्याकडे शिरीषाची साल देतात, भुईरिंगणी देतात, अडुळसा तर घरोघरी. यातलं खरोखर काय चालतं ते मला तपासायचं होतं. माझे मार्गदर्शक सर शांत स्वभावाचे होते. झाडपाल्याच्या औषधाला हसणारे नव्हते आणि त्याच्यापुढे हात जोडणारेही नव्हते. ते एवढंच म्हणाले, की जे दिसेल ते लिहायचं, जे दिसावंसं वाटतं ते नाही.

तपासायची रीत अशी होती. गिनीपिगांना आधी अंड्याचा पांढरा भाग टोचून त्याची ॲलर्जी आणायची. मग काहींना काढा पाजायचा, काहींना नुसतं पाणी. नंतर एकेकाला काचेच्या पेटीत ठेवून आत त्याच अंड्याचा फवारा सोडायचा आणि धाप लागायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. धाप लागली की लगेच बाहेर काढायचं. धाप लागलेला गिनीपिग मान पुढे काढून, पाय फाकवून बसतो. आई खाटेवर बसायची तसाच. पहिल्या दिवशी मला ते बघवलं नाही. पुढे सवय झाली.

आईला माझ्या कामाचं कौतुक नव्हतं. संध्याकाळी घरी आले की ती विचारायची, "आज तुझ्या डुकरांना कसं वाटून राहिलं?" शिरीषाच्या सालीने त्यांना थोडं बरं वाटत होतं. पाणी प्यायलेल्यांपेक्षा त्यांची धाप उशिरा सुरू व्हायची. पण थोडंच, आणि प्रत्येकात नाही. मी तसा काढा घरी आईसाठी उकळला. तिने तोंड कडू करून तो काही दिवस घेतला, मग तुळशीत ओतू लागली.

त्याच सुमारास शेजारच्या बाईंनी तिला ग्वारीघाटच्या पुडीबद्दल सांगितलं. घाटावर फुलं आणि दिवे विकणाऱ्यांच्या ओळीत एक माणूस गोणपाटावर मुळं, साली, बिया मांडून बसायचा. पुनवेला आई-बाबा नर्मदेत स्नानाला गेले आणि येताना त्याच्याकडून दम्याच्या पुड्या घेऊन आले. तपकिरी चूर्ण, सकाळी मधातून घ्यायचं.

थोड्याच दिवसांत आई खाटेवरून उठली. ही अतिशयोक्ती नाही. मैदानात गाजरगवत फुललेलं असताना ती मागचं दार उघडं ठेवून कपडे वाळत घालत होती. विजय नगरला माझी मोठी बहीण दुसऱ्या मजल्यावर राहायची, तिच्याकडे आई कठड्याला न धरता चढून गेली. तिला भूक लागू लागली. पोळ्या वाढताना बाबा खूश व्हायचे. तिचे गाल भरले, चेहरा गोल झाला, आणि बायका म्हणू लागल्या की मावशी तरुण झाल्या. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. मी इतकी झाडं तपासून जे शोधत होते ते या माणसाकडे गोणपाटावर पडलेलं होतं. आईच्या डब्यातल्या दोन पुड्या घेऊन मी प्रयोगशाळेत गेले.

गिनीपिगांवर पुडीने जे केलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. काही दिवस पुडी दिलेले प्राणी पेटीत फवाऱ्यात बसून इकडेतिकडे हुंगत राहिले. काहींना धाप लागलीच नाही. मी सरांना बोलावलं आणि आई हीच पुडी घेते ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे चूर्ण घेणाऱ्या तुझ्या आईचा चेहरा कसा आहे? मी म्हटलं, भरलाय. त्यांनी मान हलवली आणि मला चूर्णातले घटक वेगळे करून पाहायला सांगितलं.

ही चाचणी सोपी असते. पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर चूर्णाच्या अर्काचा एक थेंब ठेवायचा आणि शेजारी ज्याचा संशय आहे त्या औषधाचा. पट्टी द्रावणात उभी केली की ते थरातून वर चढतं आणि प्रत्येक घटकाचा ठिपका आपापल्या उंचीवर थांबतो. मी शेजारी स्टेरॉइडच्या गोळीच्या अर्काचा थेंब ठेवला होता. दिव्याखाली पट्टी धरली तेव्हा दोन ठिपके एका ओळीत होते. मी चाचणी पुन्हा केली, द्रावण बदलून केली. ठिपके एका ओळीतच राहिले.

पुडीत झाडपाला होता, पण आईला उठवलं होतं ते त्यात कुटून घातलेल्या गोळ्यांनी. गोल चेहरा आणि भूकही त्यांचीच. मी घरी जाऊन बाबांना आणि आईला समोर बसवून सांगितलं. हेही सांगितलं की पुडी एकदम बंद करायची नाही, कारण शरीराला तिची सवय लागलेली असते. उद्या छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ आणि ते सांगतील तशी कमी करू. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मले श्वास आला तो खोटा होता काय?"

"श्वास खरा आहे. औषध खोटं सांगून दिलं."

"मग तू काहून रडून राहिली?"

मी रडत होते हे मला तोवर कळलं नव्हतं.

बाबा मितभाषी होते, पण फसवलं गेल्याचं त्यांना सहन होत नसे. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी उरलेल्या सगळ्या पुड्या नेऊन नाल्यात फेकल्या. मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, आणि ते एखाद्या पोराप्रमाणे ऐकत उभे राहिले. डॉक्टरांकडे गेलो तर ते बाहेरगावी होते, दोन दिवसांनी येणार. तेवढं निभेल असं मला वाटलं. त्या दोन दिवसांतच आई ढासळली. आधी उलट्या, मग उभं राहता येईना, आणि मग धाप, इतकी की ओठ निळसर दिसू लागले. भर दुपारी शेजाऱ्यांच्या मदतीने तिला रिक्षात घातलं. रस्ताभर बाबा तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले होते. त्याआधी कधी त्यांनी लोकांसमोर तिचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

मी पुडीबद्दल सांगितल्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरांना कारण शोधावं लागलं नाही. त्यांनी आईला तेच औषध दिलं, उघड नावाने, मोजून. मग महिनोन् महिने ते हळूहळू कमी करत नेलं आणि तोंडाने श्वासात ओढायचा औषधाचा पंप सुरू केला. आईचा चेहरा परत लांबट झाला. दमा गेला नाही, पण आटोक्यात राहिला. गाजरगवताच्या दिवसांत ती नाकाला ओला रुमाल बांधायची.

ती सावरल्यावर मी ग्वारीघाटला गेले. तो माणूस तिथेच होता. मी कोण, का आले ते सांगितलं. मला वाटलं होतं तो भांडेल. तो म्हणाला, "दीदी, मेरे बाप खुद कूटते थे। लोग कहते थे असर नहीं होता। अब मैं बना-बनाया लाता हूँ।" कुठून, ते त्याने सांगितलं नाही. त्यात काय असतं हे त्याला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला आईचे ओठ कसे झाले होते ते सांगितलं. तो खाली गोणपाटाकडे बघत राहिला. सरांनी औषध निरीक्षकांना कळवलं आणि पुढच्या पुनवेला तो घाटावर नव्हता. त्याच्या जागी दुसरा कोणीतरी शंख विकत होता.

माझ्या प्रबंधात शेवटी जे दिसलं तेच आलं: शिरीषाची साल थोडी मदत करते, भुईरिंगणी त्याहून कमी, आणि माणसांवर नीट तपासल्याशिवाय याहून जास्त बोलता येणार नाही. सरांना ते पुरेसं वाटलं. मला काही दिवस वाईट वाटलं, कारण पेटीत निवांत हुंगत बसलेले ते गिनीपिग डोळ्यांसमोरून जात नव्हते.

आईला मात्र काम मिळालं. बसस्टॉपवर, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला जिला धाप लागलेली दिसेल तिला ती विचारायची, कोणती पुडी घेते? घेऊन ये, माझी पोरगी काचेवर पाहून देते. बायका खरंच येऊ लागल्या. काही पुड्यांत तोच ठिपका निघे. त्या बायकांना आई स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जायची आणि वाटेत बजावायची, फेकून देऊ नका, आमच्या घरी एकाने फेकली होती. बाबा समोर असले तरी बजावायची.

एकदा एक बाई आली, तिच्या पुडीत काहीच भेसळ नव्हती. अडुळसा, सुंठ, पिंपळी. मी तिला आनंदाने सांगितलं की हे शुद्ध आहे, झाडपाल्याचंच आहे. तिचा चेहरा पडला.

"त्यात काहीच नाही काय?" ती म्हणाली, आणि पुडी परत न घेताच उठली.

आईने तिला थांबवलं, चहा ठेवला, आणि स्वतःचा पंप काढून तो कसा ओढायचा ते दाखवू लागली.